पहिली निवड

"मॅडम, मला घेऊ नका."

पाण्याच्या नळाखाली बाटली धरून करिश्मा गायकर हे बोलली, आणि बोलताना तिनं निवड करायला आलेल्या उत्तराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष भरत येणाऱ्या बाटलीकडे होतं. नळ बंद केला, झाकण फिरवलं, बाहीला हनुवटी पुसली आणि ती पुन्हा कोर्टाकडे निघून गेली. उत्तराला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आत हॉलमध्ये चेंडूंचा आवाज घुमत होता, वर पत्र्याखाली कबुतरं फडफडत होती, मधूनच शिट्टी वाजत होती. एवढ्या गलक्यात 'मला घ्याल ना' हे 'मला घेऊ नका' असं ऐकू येऊ शकतं. कित्येक वर्षं ती अशा चाचण्यांत निवडणाऱ्यांच्या खुर्चीवर बसत होती. मुली नळापाशी, जिन्यात, बाथरूमच्या दाराशी गाठून काहीबाही बोलायच्या. कुणाचा गुडघा दुखत असायचा, कुणाचा पेपर असायचा, कुणाच्या आईनं नमस्कार सांगितलेला असायचा. पण सगळ्यांचं म्हणणं शेवटी एकच असायचं. हे उलटं वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. आणि तरीही ते ऐकताना आपण काही नवीन ऐकतोय असं वाटलं नाही, हेच तिला खटकलं. रस्त्यात अचानक कुणीतरी लहानपणीच्या, घरातल्या नावानं हाक मारावी तसं ते आत कुठेतरी जाऊन बसलं.

ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली. शेजारी नेविल डिसूझा, संघाचा कोच, पाय ताणून आणि हाताची घडी घालून बसला होता. दोघं ऐन विशीत असल्यापासूनची ओळख. नेविल तेव्हा मुलांच्या राज्य संघात होता आणि उत्तरा मुलींच्या. त्याच्या पलीकडे गोपीनाथ भोईर. बाळकुमला त्यांच्या बापजाद्यांची शेती होती, तिथं आता त्यांच्याच नावाच्या इमारती आहेत, आणि गेल्या वर्षी राज्यात महिलांची बास्केटबॉल लीग सुरू झाली तेव्हा ठाण्याचा संघ त्यांनी घेतला. कबड्डीत सगळेच असतात, आपण काहीतरी वेगळं करू, एवढंच त्यामागचं कारण. पहिल्या वर्षी ठाणे तळाला राहिलं. त्याचा फायदा असा की कॉलेजातल्या मुली पाळीपाळीनं निवडताना सर्वांत खालच्या संघाला पहिली पाळी मिळते. परवा, सोमवारी संध्याकाळी, सगळे संघ ऑनलाइन बसणार होते आणि पहिलं नाव ठाणं घेणार होतं. राज्यातल्या कुठल्याही कॉलेजातली कुठलीही एक मुलगी. आणि गेले दोन महिने सगळ्यांना ठाऊक होतं की ते नाव करिश्मा गायकरचं असणार.

शिट्टी झाली आणि खेळ पुन्हा सुरू झाला. उत्तरा करिश्माकडे बघत राहिली, आता वेगळ्या नजरेनं, म्हणजे तिच्या खेळात ते वाक्य कुठे दिसतं का हे शोधत. ते कुठेही दिसत नव्हतं. पाच फूट अकरा इंच उंचीची ती मुलगी गर्दीतून अशी वाट काढत होती की जणू समोरच्या मुली तिला आधीच ठरल्याप्रमाणे जागा देताहेत. उजव्या हातानं जितकं सहज तितकंच डाव्यानं. चेंडू सुटल्यावर तिचं मनगट खाली वाकून क्षणभर तसंच हवेत राहायचं, आणि ते खाली यायच्या आत जाळीचा ओला फडका झटकल्यासारखा आवाज यायचा. गोपीनाथ प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारत होते. समोरच्या संघात इलेन परेरा होती, उत्तनच्या कोळीवाड्यातली, करिश्माच्या खांद्याएवढी, गुडघ्यांना काळे पट्टे बांधलेली. ती सारखी बोलत होती. "मागे बघ! मागे! डावीकडे ये ना गं!" दोनदा पडली आणि उठता उठताच पुन्हा बोलू लागली. तिचे फ्री थ्रो मात्र रिंगला आपटून कुठल्या कुठे जात होते आणि दर वेळी ती स्वतःच्या कपाळावर हात मारून हसत होती. करिश्मा हसत नव्हती. चिडतही नव्हती. बास्केट झाली की वळून धावायची, बस. तो चेहरा उत्तरा ओळखत होती. एका जुन्या फोटोत, हातात ढाल घेऊन उभ्या असलेल्या रांगेत, शेवटून दुसरा तोच चेहरा होता, तिचा स्वतःचा.

चाचणी संपल्यावर करिश्मा हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. उत्तरा शेजारी जाऊन बसली. ऊन कलत होतं, पायरीचा दगड अजून गरम होता.

"मघाशी काय म्हणालीस?"

"तेच, मॅडम. तुम्ही ऐकलंत."

"मग एवढं चांगलं कशाला खेळलीस?"

करिश्मा पहिल्यांदाच थोडी हसली. "ठरवून आलेले, खराब खेळायचं. जमलंच नाही. एक पास मुद्दाम चुकवायला गेले तर तो पण बरोबर गेला. हात ऐकतच नाहीत माझं."

"आवडत नाही तुला?"

"काहीच होत नाही मला. मॅचच्या आदल्या दिवशी इलेनला झोप येत नाही, मला मेसेज करत बसते, उड्या मारते. मला भीती पण वाटत नाही, आनंद पण नाही. भांडी घासल्यासारखं. चांगली घासते मी." मग ती बूट पिशवीत कोंबत म्हणाली, "लहानपणापासून उंच होते ना. मग सगळे म्हणाले, बास्केटबॉल. मी पण म्हटलं, बास्केटबॉल."

"घरी सांगितलंस?"

"पप्पांना? कसं सांगू? तुम्ही बघितलंय ना त्यांना." गेटाबाहेर नयन गायकर गाडीला टेकून उभे होते, हातात केळ्यांची पिशवी, मुलगी दिसताच त्यांनी हात वर केला. "तुम्ही घेतलं नाहीत तर विषयच संपेल. कुणाला वाईट पण वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण माझ्यामुळे नाही."

डोंबिवलीला घरी आल्यावर गुरुदत्तनं, तिच्या नवऱ्यानं, चहा ठेवत विचारलं, "मग, कोणाला घेणार?" आणि ती काही बोलायच्या आत साखर शोधू लागला. त्यात दुर्लक्ष नव्हतं. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं आणि तो तसं कबूल करायचा. त्यानं तिला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा तिचा खेळ संपून वर्ष झालं होतं, आणि त्याच्या लेखी उत्तराचं बास्केटबॉल म्हणजे माळ्यावरचा खोका आणि बँकेतली नोकरी कशी लागली याचं उत्तर. ती चहाचा कप घेऊन खिडकीशी बसली. सातवीत असताना चित्रकलेच्या तासाला खेळाचे सर वर्गात आले, सगळ्या मुलींना उंचीनं उभं केलं आणि रांगेच्या टोकाला येऊन तिच्या खांद्यावर बोट टेकवलं. "ही." एवढंच म्हणाले. त्या एका शब्दानं सगळं झालं. मैदान सिमेंटचं होतं, पडलं की कोपराची साल निघायची. दुपारी चेंडू इतका तापायचा की तळव्यांना रबराचा वास संध्याकाळपर्यंत राहायचा. जिल्हा, विभाग, राज्य, मग बँकेच्या संघात खेळाडू म्हणून नोकरी. वडील सगळ्यांना सांगायचे, उंची वाया जाऊ दिली नाही पोरीनं. ती कधी कुरकुरली नाही. कुरकुरण्यासारखं काही नव्हतं, आणि ती चांगली होती, खरोखर चांगली. मग पतियाळाला शिबिरात गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. सगळे भेटायला आले, मुली गळ्यात पडून रडल्या, तीही रडली. पण सगळे गेल्यावर, प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून पंख्याकडे बघत पडलेली असताना, छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं तिला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची तिला इतकी भीती वाटली की तिनं आईला हाक मारून पाणी मागितलं. नंतर तिनं त्याबद्दल कधी विचार केला नाही. ते दुखणं गेल्याचं बरं वाटणं असेल, औषधाचा परिणाम असेल. आज, इतक्या वर्षांनी, एका मुलीनं बाटली भरता भरता ते चार शब्दांत सांगून टाकलं होतं.

रविवारी सकाळी तिघं गोपीनाथांच्या ऑफिसात बसले. काचेच्या टेबलावर इडल्या आणि तीन वाट्यांत चटणी.

"यात चर्चा कसली करताव?" गोपीनाथ म्हणाले. "पोरीची उंची बघा. बाकी सगळा शिकवता येल, उंची शिकवाल काय?"

"शेठ बरोबर बोलतायत," नेविल म्हणाला. "करिश्मा. खेळ खल्लास. इडली खाऊया."

"मला इलेन वाटते," उत्तरा म्हणाली.

नेविलनं तोंडाजवळ नेलेला चमचा खाली ठेवला. "इलेन? अगं, फ्री थ्रो बघितलेस तिचे? बोर्ड फुटेल एक दिवस."

उत्तरा बोलू लागली. रात्रभर तिनं मनात जुळवाजुळव केली होती आणि त्यातलं अर्धं तिला स्वतःलाच लंगडं वाटत होतं. पण बोलता बोलता एक विचित्र गोष्ट झाली. गेल्या वर्षी आपण हरलो ते उंचीमुळे नाही, ती म्हणाली, आपल्याकडे उंच मुली आहेत. आपण शेवटच्या काही मिनिटांत हरायचो, कारण तेव्हा आपल्या मुली गप्प व्हायच्या. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, प्रत्येक मुलगी एकटीच हरत होती. इलेन गप्प होत नाही. ती पडली की दुसऱ्या दोघी जास्त धावतात, हे काल दिसलं. हे काल खरंच दिसलं होतं, पण उत्तराच्या ते आत्ता, सांगताना लक्षात येत होतं. एका मुलीला टाळण्यासाठी ती दुसरीची बाजू उचलत होती आणि ती बाजू हळूहळू खरी होत चालली होती. यात आपण प्रामाणिक आहोत की नाही, हे तिला ठरवता येईना.

"बोलाया काय, माझी बायको पन बोलते," गोपीनाथ म्हणाले. "घेऊ काय तिला संघात?"

नेविल हसला, पण लगेच गंभीर झाला. "माझं ऐक, उत्तरा. उद्या लोक म्हणतील, नेविलनं आपली कॅथलिक पोरगी घुसवली. त्या पोरीला पण त्रास, मला पण."

"म्हणजे ती चांगली नाही, असं तू म्हणत नाहीयेस."

"तसं मी बोललो काय?"

"मंग मी भोईर नि ती गायकर," गोपीनाथ म्हणाले, "आगरी आगरी एक झाले, असा मना नाय बोलनार लोक?"

"तुमचं वेगळं, शेठ. तुमचा संघ आहे."

गोपीनाथांनी इडलीचा तुकडा चटणीत फिरवला. ते रागावलेले नव्हते. "उत्तराताई, तुमचा शब्द मी खाली पडू देत नाय. पन एक सांगा. आपन नाय घेतली तर दुसऱ्या नंबरला नागपूर हाय. ते काय सोडतील तिला? डोळं झाकून उचलतील. नि मंग वर्षभर तीच पोरगी आपल्या डोक्यावर बास्केट टाकल."

हे उत्तराला ठाऊक होतं, निवडीचे नियम तिला पाठ होते, पण काल नळापासून आत्तापर्यंत त्यातला सरळ अर्थ तिच्या डोक्यात शिरलाच नव्हता. ठाण्यानं नाही घेतलं म्हणजे सुटका नव्हे. ठाण्यानं नाही घेतलं म्हणजे नागपूर. घरापासून इतकं लांब, जिथं कोर्टवरचा तिचा तो रिकामा चेहरा ओळखणारंही कुणी नसेल. ती दया म्हणून करू पाहत होती ते मुलीला दुसऱ्याच्या हाती ढकलून देणं होतं. करिश्माला हे कळलं नव्हतं, वीस वर्षांच्या मुलीला कळणारही नाही. पण आपल्यालाही कळू नये? एकच दार होतं. उद्या निवड सुरू व्हायच्या आत मुलीनं स्वतः लीगला कळवून नाव काढून घ्यायचं. स्वतः. कुणालाही वाईट न वाटता होईल अशी वाटच नव्हती.

"उद्या दुपारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल ते."

लिफ्टपर्यंत नेविल तिच्यामागे आला. "ए, खरं काय ते बोल ना."

"माझं नाही रे ते. मी कसं सांगू?"

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. ही त्याची जुनी सवय चांगली होती.

सोमवारी सकाळी तिनं करिश्माला फोन करून नागपूरचं सांगितलं. "तुम्ही घरी याल?" तिनं विचारलं. उत्तरानं रिक्षा केली आणि नांदिवलीला गेली. दोन्ही बाजूंनी टॉवर उठलेले आणि मध्येच जुन्या गावाची घरं, गणपतीचं देऊळ, आंब्याखाली लावलेल्या गाड्या. गायकरांचं घर दुमजली, वरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. अंगणात लोखंडी खांबावर बोर्ड आणि रिंग. खांबाच्या बुडाशी सिमेंट ओतलेलं आणि त्या सिमेंटमध्ये लहान मुलीच्या तळव्याचा ठसा. उत्तरा तिथं जरा थांबली. रिक्षात बसल्यापासून ती मनात वाक्यं तयार करत होती, बापाशी कसं बोलायचं, आधी काय सांगायचं. त्या ठशाकडे बघताना तिच्या लक्षात आलं की ती वाक्यं तिच्या स्वतःच्या वडिलांसाठी होती, आणि ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"मॅडम स्वतः आल्या!" नयन गायकर चप्पल न घालताच बाहेर आले. "अगं ये, बघ कोन आलंय! बसा, बसा. म्हणजे झाला नक्की? मी दादाला फोन लावतो, पेढे घेऊन येल."

"फोन नका लावू, पप्पा," करिश्मा आतून येत म्हणाली.

सगळे बसले. समोरच्या भिंतीभर काचेचं कपाट, त्यात ढाली आणि कप, धूळ नसलेले. करिश्माची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. उत्तराला सगळ्यांची नजर आपल्यावर आलेली जाणवली, करिश्माचीसुद्धा. बोलणं सोपं होतं. दोन वाक्यांत झालं असतं, आणि तिच्या वयाचा, नावाचा मान ठेवून नयनरावांनी ऐकूनही घेतलं असतं. पण मग तेही पुन्हा खांद्यावर टेकवलेलं बोटच झालं असतं, फक्त उलट्या दिशेनं. ती मांडीवर हात ठेवून गप्प बसली. पंख्याचा आवाज येत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी मसाला वाटत होतं. काही न करणं हे करण्याइतकंच अवघड असू शकतं, हे तिला त्या वेळी कळलं.

"पप्पा, मला नाही खेळायचं."

"आज?"

"आज नाही. पुढे पण नाही."

नयन उत्तराकडे बघू लागले, मग मुलीकडे. "कोन काय बोलला काय तुला?"

"नाही."

"पायाला काय झालंय?"

"नाही पप्पा. मला आवडत नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही. आधीपासूनच असेल."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं, जणू तिथून कुणी साक्ष देईल. मग अगदी हळू, न रागावता म्हणाले, "मंग मी सकाळी कोनासाठी उठत होतो?"

करिश्मानं मान खाली घातली.

"नाय, सांग ना. मना सकाळी उठायचा किती जिवावर येते, तुझ्या आईला विचार. तुला आवडतं म्हनून उठत होतो मी. सात-आठ वर्षं झाली असतील."

"मी तुमच्यासाठी उठायचे," करिश्मा म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला आवडतं. गाडीत गाणी म्हणत यायचात."

"झोप लागू नये म्हनून बोलायचो गं ती!"

दारातून करिश्माची आई एकदम हसली, मग पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली, आणि ती हसतेय की रडतेय हे कळेना. करिश्माच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण चेहरा पहिल्यांदाच रिकामा नव्हता. तो ओला, लाल, गोंधळलेला, वीस वर्षांच्या मुलीचा होता. नयन उठून अंगणात गेले. खिडकीतून दिसत होतं, खांबाला एक हात लावून ते उभे होते. बऱ्याच वेळानं परत आले आणि उत्तराला म्हणाले, "मॅडम, वाया नाय का जानार?"

"काय?"

"उंची."

"उंची कुठे जातेय," उत्तरा म्हणाली. "ती तिचीच आहे. तिला वाटलं तर वरच्या फळीवरचे डबे काढेल."

ते हसले नाहीत. पण खुर्चीवर बसले, आणि जरा वेळानं मुलीकडे न बघताच म्हणाले, "ते मेल की काय करायचा असतो, तो कर. नंतर नाय जमनार." करिश्मानं त्यांच्यासमोर बसून मोबाइलवर चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. मग काय करणार, असं आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आधी झोपणार." चहा आला. पेढे आले नाहीत. बाप-लेकीनं चहा एकमेकांकडे न बघता घेतला. ते इतक्या लवकर नीट होणारं नव्हतं, आणि झालं असतं तर उत्तराला ते खरं वाटलं नसतं.

"मी सोडतो मॅडमना," नयन म्हणाले.

गाडीत बसल्यावर उत्तरानं नेविलला फोन लावला. "करिश्मानं नाव काढून घेतलंय. स्वतःहून. इलेन."

"तुला माहीत होतं," नेविल म्हणाला.

"हो."

"बरं." मग घसा साफ करून म्हणाला, "खरं सांगू? मला पहिल्यापासून इलेनच पाहिजे होती. आता मी शेठना सांगतो, माझा नाइलाज झाला."

ती फोन ठेवून बाहेर बघत राहिली. घरडा सर्कलपाशी गाड्या अडकल्या होत्या. मध्येच नयन म्हणाले, "आता सकाळी मी काय करू हो?" ते तक्रार करत नव्हते. खरंच विचारत होते, औषध विचारावं तसं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. पुलावर वारा लागला. तिला आठवलं, गुडघ्याच्या त्या दिवसांनंतर वडीलही असेच रोज सकाळी उठून, चूळ भरून, कपडे करून गॅलरीत बसायचे, आणि तिला वाटायचं ते रागावलेत. कदाचित त्यांनाही फक्त कुठे जायचं ते कळत नसेल. कुणी विचारलं नाही त्यांना. तिनंही नाही.

गाडी तिच्या इमारतीपाशी थांबली. तिनं दार उघडलं, एक पाय खाली ठेवला.

"मॅडम, तुम्ही पन राज्याला खेळलाव ना? नेविल सर बोललेले."

"हो."

"तुम्हाला आवडायचा?"

पदकं किती, स्पर्धा कुठल्या, कोणाविरुद्ध किती गुण, हे तिला लोकांनी हजारदा विचारलं होतं आणि ती सांगत आली होती. "काय माहीत," ती म्हणाली. "असं कुणी विचारलं नाही कधी."

"मंग मी विचारतोय ना."

वर तिच्या गॅलरीत गुरुदत्त कपडे वाळत घालत होता. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला, वळसा घालून पुढे गेला. उत्तरानं खाली ठेवलेला पाय पुन्हा आत घेतला आणि दार ओढून घेतलं. कुठून सुरुवात करावी ते तिला कळत नव्हतं. नयन गायकरांनी गाडी थोडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.